किमान वेतन ठरतं, मग किमान दंड का ठरत नाही?

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. पत्र लांबलंय, पण जमलं तर न कापता छापा ही विनंती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या, केंद्राचे जुने २९ कायदे त्यात गेले. तेव्हापासून आमच्या सगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय की आता मालकांचं काही खरं नाही, पगार कमी दिला की ५० हजार दंड, परत दिला तर जेल. मेसेज खोटा नाहीये. पण अर्धाच आहे, आणि उरलेला अर्धा सांगायला हे पत्र लिहायला बसले, कारण मी २२ वर्षं नाशिकच्या एमआयडीसीत एका लेबर कॉन्ट्रॅक्टरकडे टाइम ऑफिस आणि पगाराचं काम केलंय. नाव लिहीत नाही. मालक आता हयात नाहीत, धंदाही बंद झाला. पण जे तिथे चालायचं ते आजही आजूबाजूच्या शेडमध्ये चालतं, बायका घरी येऊन सांगतात म्हणून मला माहितीय.

आमच्याकडे दोन मस्टर असायची. एक हिरव्या पुठ्ठ्याचं, ते कपाटात वरच्या कप्प्यात, कोणी आलंच तर दाखवायला. त्यात प्रत्येकाची हजेरी २६ दिवस, पाळी ८ तासांची, ओटी म्हणजे ओव्हरटाइम निरंक, किमान वेतनाचा पूर्ण आकडा, पुढे सही नाहीतर अंगठा. दुसरं माझ्या ड्रॉवरमध्ये, शाळेत मिळते तशी दोनशे पानी वही. त्यात खरी १२ तासांची पाळी आणि खरोखर हातात पडलेले पैसे. दोन्हीतलं अक्षर माझंच. हे लिहिताना आजही हात जड होतो, पण लपवून काही उपयोग नाही, कारण हे काम क्लार्कशिवाय होतच नाही, कुणीतरी बसून ते लिहावं लागतं.

नोटबंदीनंतर पगार बँकेतूनच द्यायचा असं सुरू झालं. २०१७ मध्ये कायद्यातही सरकारला तशी सक्ती करता येईल अशी दुरुस्ती झाली. मला मनापासून बरं वाटलं होतं, म्हटलं सुटले, आता दुसरी वही संपली. दोनच महिन्यात मालकांनी एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून माझ्या टेबलावर ठेवला. त्यात सगळ्यांची एटीएम कार्डं. दहा-दहाचे गठ्ठे, रबर लावलेले, प्रत्येक कार्डावर पांढरी चिकटपट्टी आणि त्यावर बॉलपेनने पिन नंबर. पगार ७ तारखेला खात्यात पूर्ण जमा व्हायचा, एक रुपया कमी नाही. ८ तारखेला ऑफिसचा मुलगा तो डबा पिशवीत घालून एटीएमवर जायचा, एकामागून एक कार्ड घालून पैसे काढायचा, मागे रांगेतली माणसं वैतागायची, आणि दुपारी मी ते पैसे मोजून पाकिटं भरायची. कुणाचे २ हजार कमी, कुणाचे अडीच. बँकेचं स्टेटमेंट काढलं तर मालक एकदम हरिश्चंद्र.

आता नव्या वेतन संहितेत एक खरंच चांगली गोष्ट आहे, ती आधी सांगते. पगार मिळाला नाही किंवा कमी मिळाला असा दावा कामगाराने केला तर तो दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची. दाव्याची मुदत ३ वर्षं, आणि अधिकाऱ्याला वाटलं तर बुडालेल्या रकमेच्या १० पटीपर्यंत भरपाई लावता येते. वाचायला छान आहे. पण मी तो डबा बघितलाय म्हणून विचारते, मालकाने बँकेचं स्टेटमेंट पुढे केलं की त्याची जबाबदारी संपली, मग त्या ८ तारखेचं काय? कामगाराने मालकाला किंवा त्याच्या माणसाला परत दिलेले पैसे म्हणजे पगारातली कपातच धरायची, हे १९३६ च्या पगाराच्या कायद्यात होतं आणि नव्या संहितेतही आहे. पण कपात झाली हे दाखवायचं कशावर? पैसे काढले कामगाराच्याच कार्डाने, कामगाराच्याच पिनने. म्हणून माझं म्हणणं असं की कामगाराचं एटीएम कार्ड, पासबुक, पिन मालकाच्या नाहीतर ठेकेदाराच्या ताब्यात सापडणं हाच वेगळा गुन्हा धरा, त्यावर सरळ कैद ठेवा, पुढचं काही सिद्ध करत बसायची गरजच नको. ड्रॉवर उघडला की गुन्हा सापडला पाहिजे.

आता दंडाकडे येते, मूळ मुद्दा तोच आहे.

जुन्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यात शिक्षा होती ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हो, पाचशे. तो कायदा रद्द होईपर्यंत केंद्राच्या कायद्यात तो आकडा ५००च राहिला. नव्या संहितेत पहिल्या वेळी ५० हजारांपर्यंत दंड, कैद नाही. त्याच मालकाला शिक्षा झाल्यावर ५ वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा सापडला तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे ५०० चे ५० हजार झाले, शंभर पट, म्हणून सगळे खूश आहेत. पण साहेब, यातला प्रत्येक आकडा ‘पर्यंत’ वर संपतो. ५० हजारांपर्यंत म्हणजे ५ हजारही झाले, २ हजारही झाले. कामगाराला जे द्यायचं त्याला आपण किमान वेतन म्हणतो, त्याच्या खाली जायचं नाही, आणि जो त्याच्या खाली गेला त्याच्या दंडाला मात्र किमान नाहीच, नुसतं कमाल.

आमचाच हिशोब घेते. ४० माणसं, माणशी महिन्याला २ हजार परत घेतले. झाले महिन्याचे ८० हजार. वर्षाचे ९ लाख ६० हजार. ओटीचे पैसे यात धरलेलेच नाहीत, ते दुप्पट दराने द्यायचे असतात, ते धरले तर आकडा कुठच्या कुठे जाईल. पकडलं गेलं, अगदी पूर्ण दंड झाला, तरी ५० हजार. त्यात संहितेत तडजोडीचं कलम आहे, ज्या गुन्ह्याला फक्त दंड आहे तो कमाल दंडाच्या निम्मे पैसे भरून मिटवता येतो. म्हणजे २५ हजार भरले की फाइल बंद. साडेनऊ लाखाच्या वर मिळालेत, पंचवीस हजार द्यायचेत. आमचे मालक हा हिशोब कॅल्क्युलेटरशिवाय करायचे, आणि तेव्हा तर दंड ५०० च होता, तो चहापाण्याच्या वाउचरमध्ये बसायचा.

वर रजिस्टर न ठेवणं किंवा चुकीचं ठेवणं याला १० हजारांपर्यंत दंड, आणि तिथे पहिल्या वेळी खटला भरायच्या आधी लेखी सूचना द्यायची, मुदत द्यायची, त्या मुदतीत सुधारलं तर खटला नाही. अहो, खोटं मस्टर ही काय हिशोबातली चूक आहे का? तीच तर चोरीची चावी आहे. मी ते लिहिलंय, मला माहितीय. चुकून कोणाची हजेरी लिहायची राहिली तर सूचना द्या, समजू शकते, पण शेडमध्ये १२ तास मशीन चालू आणि मस्टरवर ८, हे दुरुस्त करायला मुदत कसली देता?

हे काही मीच पहिल्यांदा बोलत नाहीये. १९८२ मध्ये दिल्लीत एशियाड झालं, त्याच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सुप्रीम कोर्टात गेला होता, पीयूडीआर या लोकशाही हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनेने केलेला, न्यायमूर्ती भगवतींनी निकाल दिला. त्यात दोन गोष्टी आहेत. किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं म्हणजे घटनेच्या २३ व्या कलमातली वेठबिगारीच, ही एक. आणि दुसरी, कामगार कायदे मोडणाऱ्यांना असे किरकोळ दंड करत राहिलात तर हे कायदे दात नखं नसलेले कागदी वाघ ठरतील असं कोर्टाने तेव्हाच बजावलं. त्याला ४० वर्षांच्या वर झाली. आपण दंडाचा आकडा वाढवला आणि वाघ कागदाचाच ठेवला.

दिल्लीने मध्ये एक प्रयत्न केला होता. २०१७ मध्ये तिथल्या विधानसभेने किमान वेतन कायद्यात दिल्लीपुरती दुरुस्ती केली, ५०० चा दंड २० हजार ते ५० हजार केला आणि कैद ३ वर्षांपर्यंत नेली, पुढच्या वर्षी राष्ट्रपतींची मंजुरीही मिळाली. बघा, तिथे ‘पासून’ होतं, २० हजारापासून. म्हणजे असं करता येतं. आता मूळ कायदाच रद्द झाला त्याच्याबरोबर ती दुरुस्तीही गेली आणि दिल्लीचा मजूर ३ वर्षांवरून ३ महिन्यांवर आला, तेही मालक दुसऱ्यांदा सापडला तर. याच्यावर कुठे फारशी चर्चा वाचायला मिळाली नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे, राज्यालाही कायदा करता येतो. मग महाराष्ट्राने अशी दुरुस्ती का आणू नये? माथाडींचा १९६९ चा कायदा आपण केला, सिक्युरिटी गार्डांचा १९८१ चा आपण केला. त्याच्याही मागे जा, १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे मुंबईत गिरणी कामगारांना घेऊन ज्या मागण्या मागत होते त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारी अर्धा तास विश्रांती होती आणि एक अशी होती की महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आज कायद्यात ७ तारीख आहे. आणि आमच्या गल्लीतली पोरं १५ तारखेलाही ‘कंपनीतून बिल निघालं नाही’ हेच ऐकतायत.

ते बिलाचं प्रकरण नीट समजून घेतलं पाहिजे, कारण शिक्षा कोणाला हा प्रश्न तिथे येतो. ठेकेदाराला सगळे शिव्या देतात, द्यायलाच पाहिजेत, पण ठेकेदार रेट स्वतः ठरवत नाही. कंपनीचं परचेस खातं कोटेशन मागवतं, सगळ्यात कमी ज्याचं त्याला काम. आता सरळ गणित आहे. कामगाराला १०० रुपये पगार द्यायचा तर मालकाच्या बाजूने पीएफ सगळं धरून १३, ईएसआयसी म्हणजे कामगार विमा सव्वातीन, बोनस ८.३३, झाले साडेचोवीसच्या वर. यात भरपगारी रजा नाही, सुट्टी नाही, गणवेश नाही, ठेकेदाराचं कमिशन नाही. म्हणजे किमान वेतन १०० असेल तर १२५ च्या खाली कोणी कोटेशन दिलं की समजायचं, उरलेलं कुठून तरी चोरीचंच येणार आहे. हे परचेसवाल्याला कळत नाही का? त्याला पाचव्या दशांशापर्यंत कळतं. आमचे मालक अशी कोटेशनं द्यायचे, मीच टाइप करायची, आणि समोरून अजून २ टक्के कमी करा असा फोन यायचा. ज्याने प्रामाणिकपणे १३२ लिहिलं त्याला काम मिळायचं नाही. असे दोन ठेकेदार मी बघितलेत, सरळ माणसं, तीन-चार वर्षांत धंद्यातून बाहेर. दंड हलका असला की असं होतं, चोर टिकतो आणि सरळ माणूस उठतो.

ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनीने द्यायचा, हे १९७० च्या ठेका कामगार कायद्यापासून आहे आणि नव्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेतही आहे. पण ठेका कामगारांची ती कलमं ५० किंवा त्याहून जास्त ठेका कामगार असतील तिथेच लागतात. ५० च्या आत राहायचं म्हणून एकाच घरातल्या तिघांच्या नावाने तीन फर्म, हे मी स्वतः फॉर्म भरून केलंय, बायकोच्या नावाने, मेव्हण्याच्या नावाने. आणि समजा कंपनीला पैसे द्यावे लागलेच तर काय, ठेकेदाराच्या बिलातून वळते करतात, शिक्षा कोणालाच नाही. म्हणून दुरुस्ती करायची तर त्यात हे लिहा की किमान वेतन अधिक पीएफ, ईएसआयसी, बोनस एवढाही पैसा ज्या दरात बसत नाही, त्या दराने काम देणारी कंपनी त्या चोरीत सामील धरली जाईल, आणि वर्क ऑर्डरवर ज्याची सही तो माणूस आरोपी. एकदा असा गुन्हा दाखल होऊ दे, पुढच्या महिन्यात एमआयडीसीतले सगळे रेट आपोआप वर जातील बघा.

शिक्षेने फरक पडतो का, असं काही जण विचारतात. पडतो, आणि मला ते पीएफवरून माहीत आहे. कामगाराच्या पगारातून पीएफ कापला आणि भरलाच नाही तर कमीत कमी १ वर्ष, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, हे १९५२ च्या पीएफ कायद्यातही होतं. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत वर १ लाख दंड. शिवाय पीएफवाले बँक खातं गोठवतात, शेजारच्या एका ठेकेदाराचं गोठवलं होतं, त्याची धावपळ सगळ्या लाइनने बघितली. आमच्या मालकांनी २२ वर्षांत ओटी चोरली, पगार चोरला, पण कापलेल्या पीएफचं चलन एकदाही चुकवलं नाही. १५ तारखेच्या आत भरायचं म्हणजे भरायचं, स्वतः आठवण करायचे, प्रसंगी उसने पैसे आणायचे. तोच माणूस, तेच ऑफिस. तिथे ‘कमीत कमी’ लिहिलेलं होतं म्हणून.

माणूस मेल्यावरही कायद्याला ‘कमीत कमी’ सुचतं. नव्या सुरक्षा आणि आरोग्याच्या संहितेत मालकाने सुरक्षेची कर्तव्यं पाळली नाहीत म्हणून अपघातात मृत्यू झाला तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपेक्षा कमी नाही इतका दंड किंवा दोन्ही, आणि त्यातला निम्मा तरी वारसांना द्या असं कोर्ट सांगू शकतं. जुन्या फॅक्टरी अ‍ॅक्टमध्ये मृत्यूला किमान दंड २५ हजार होता. डोंबिवली एमआयडीसीत मे २०१६ ला स्फोट झाला, मे २०२४ ला पुन्हा झाला. मुळशीत उरवड्याला जून २०२१ मध्ये आगीत १७ कामगार गेले, त्यात बहुतेक बायका. तिथला किमान दंड वाढला हे योग्यच झालं. मग जिवंत माणसाचा पगार बुडवला तर का नाही?

मी एक बाई सांगते, नाव नाही लिहीत. पेठ तालुक्यातली, आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो. पॅकिंगला होत्या. शिकल्या दुसरीपर्यंत. घरी भिंतीवर कॅलेंडर, त्यावर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, तसं त्या रोज ओटी लिहायच्या, तारखेच्या चौकोनात ४ म्हणजे चार तास जास्त, रविवारी काम केलं तर त्याला गोल. तीन वर्षांची कॅलेंडरं त्यांनी जपली होती. त्यांना कामावरून काढल्यावर ती पानं पिशवीत गुंडाळून त्या लेबर ऑफिसला गेल्या. शिकलेल्या भाच्याने हिशोब केला, ३८ हजार आणि काहीतरी निघाले. मग तारखा. कधी मालकाचा माणूस आला नाही, कधी साहेब मीटिंगला, कधी कागद कमी. दुसऱ्या ठिकाणी रोजाने लागल्या होत्या, एक तारीख म्हणजे एक खाडा आणि जाण्यायेण्याचं भाडं. १४ खेपा झाल्या. मालकाकडून मी हिरवं मस्टर घेऊन गेले होते, माझ्याच हाताने साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यात ओटी निरंक. मावशींनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. शेवटी ११ हजारात मिटवलं. दंड? दंड झालाच नाही, कारण मिटलं म्हटल्यावर खटला कसला.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच आहे की कामगाराचा पैसा आणि मालकाचा दंड या दोन वेगळ्या गोष्टी ठेवल्याच पाहिजेत. पैसे दिले म्हणजे चोरी झाली नव्हती असं होत नाही. दंड माणशी लावा. ४० माणसांचा पगार मारला तर ४० गुन्हे. आणि रक्कम बुडवलेल्या पैशाला बांधा, कमीत कमी तिप्पट, त्याच्या खाली कोर्टालाही जाता येऊ नये. तडजोड करायची तर आधी कामगाराच्या खात्यात सगळे पैसे व्याजासकट जमा, मग तुमची तडजोड. ही काही अशक्य मागणी नाही, माझा भाचा मेलबर्नला असतो, तो सांगत होता आणि मग मी वाचलंही, ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून पगार बुडवणं हा फौजदारी गुन्हा झालाय, १० वर्षांपर्यंत कैद, आणि दंडाची कमाल मर्यादा ठरवताना बुडवलेल्या पैशाची तिप्पटही धरतात. तिथे आपलीच पोरं हॉटेलात नि पेट्रोल पंपावर पार्टटाइम करतात, त्यांना हे संरक्षण आहे. इथे त्यांच्या आईच्या वयाच्या बायकांना नाही.

माझे धाकटे दीर अंबडला छोटं युनिट चालवतात, ९ माणसं. त्यांना हे पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, वहिनी, तुम्ही आम्हालाच आत टाकायला निघालात, माझं बिल कंपनीकडून ९० दिवसांनी निघतं, मी ७ तारखेला कुठून देऊ? त्यांचं म्हणणं मी डावलत नाही. त्यांनी दिवाळीला बायकोच्या बांगड्या ठेवून पोरांना बोनस दिलाय, मला माहितीय. पण भाऊजी, उशीर वेगळा आणि चोरी वेगळी, हेच तर कायद्यात लिहायला पाहिजे. मस्टरवर खरं लिहिलंय, १० दिवस उशीर झाला, त्याला व्याज लावा, सूचना द्या, मुदत द्या, सगळं द्या. ज्याच्याकडे दोन मस्टर सापडली, ज्याच्या ड्रॉवरमध्ये कार्डं सापडली, त्याला पहिल्याच वेळी कैद. आणि बिल ९० दिवस अडवून ठेवणाऱ्या कंपनीलाही त्या उशिराचा दंड लावा, दीरांच्या बाजूने मीच पहिली सही करीन.

राहिलं तपासणीचं. आता इन्स्पेक्टर नाही म्हणायचं, इन्स्पेक्टर कम फॅसिलिटेटर म्हणायचं, म्हणजे त्याने मालकाला सल्लाही द्यायचा. सल्ला द्या, हरकत नाही, पण न कळवता शेडमध्ये जायचा अधिकार त्याने वापरला पाहिजे. आयएलओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, ८१ नंबरचा करार यावरच आहे, इन्स्पेक्टरला पूर्वसूचनेशिवाय, दिवसा-रात्री केव्हाही आत जाता आलं पाहिजे, भारताने तो १९४९ मध्येच मान्य केलाय. आमच्याकडे कोणी यायचं असलं की आदल्या दिवशी फोन यायचा. कोणाचा ते मला कधी कळलं नाही. मग संध्याकाळी मी हिरव्या मस्टरची पानं पूर्ण करायची, दुसरी वही घरी न्यायची, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पाळीतल्या बायकांना येऊ नका म्हणून निरोप जायचा, त्यांचा तो रोज बुडायचा.

विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात कोणत्याही पक्षाच्या आमदाराने ही दुरुस्ती मांडावी, खासगी विधेयक म्हणून मांडली तरी चालेल, निदान चर्चा तरी होईल. कामगार संघटनांनी ‘चारही संहिता रद्द करा’ ही मागणी करावी, तो त्यांचा हक्क आहे, पण ती पूर्ण होईपर्यंत रोजचा पगार मारला जातोय, त्याच्यासाठी ही छोटी मागणी सोबत धरावी अशी हात जोडून विनंती.

आणि मसुदा लिहिणारे जे कोणी अधिकारी असतील त्यांना एक सांगायचंय. बोलावलंत तर मी मुंबईला यायला तयार आहे, स्वतःच्या खर्चाने. दोन मस्टर कशी लिहितात, अंगठे आधी कोऱ्या पानावर कसे घेऊन ठेवतात, एका शाईत सगळा महिना लिहिला तर पकडलं जातं म्हणून दोन पेनं कशी वापरतात, ते समोर बसून लिहून दाखवीन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिलेला आहे, पत्राखाली छापू नये. मावशींची कॅलेंडरं त्यांच्या भाच्याकडे अजून आहेत, तो घेऊन येईल म्हणाला.

आपली,
एक निवृत्त टाइम ऑफिस क्लार्क,
नाशिक